मूर्तींना आणि आचाऱ्यांना: एका फॉन्टची घडण

मराठी मजकूर वाचताना समोरच्या अक्षराचा आकार कोणी ठरवला असेल, असा प्रश्न वाचकाला सहसा पडत नाही, आणि तो पडू नये अशीच आकार ठरवणाऱ्याचीही इच्छा असते. मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत इंटरफेस डिझायनर म्हणून काम करते. बटणे, याद्या, अर्ज आणि सूचना यांची पडद्यावरील मांडणी ठरवणे हे माझे पगाराचे काम आहे. त्या कामात अक्षर ही तयार मिळणारी वस्तू असते. यादीतून एक नाव निवडायचे, आकारमान ठरवायचे आणि पुढे जायचे. ही तयार वस्तू कशी तयार होते हे मला स्वतः काम करूनच कळले. जिल्हा परिषदेच्या शाळांतील तिसरी-चौथीच्या मुलांसाठी अवांतर वाचनाच्या पुस्तिका काढणाऱ्या एका लहान गटाला मी मांडणीसाठी मदत करत होते आणि त्या पुस्तिकांसाठी एक देवनागरी फॉन्ट मुळापासून करावा, असे आमचे ठरले.

नवा फॉन्ट कशाला, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आणि तो रास्त होता. एक टाइप या संस्थेने केलेल्या ‘मुक्ता’सारखे उत्तम देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली आज कोणालाही वापरता येतात, आणि त्यांच्या फाइली उघडून पाहण्यातूनच मी निम्मे काम शिकले. परंतु ‘मुक्ता’ची रेघ जवळपास एकाच जाडीची आहे. आम्हाला हवे होते ते बोरूच्या वळणाचे, जाड-बारीक रेघांचे, मोठ्या पोकळ्यांचे अक्षर, जे बाई फळ्यावर काढतात त्या अक्षराशी नाते सांगेल आणि १८ पॉइंट आकारात साध्या मॅपलिथो कागदावर शाई थोडी पसरली तरी बुजणार नाही. गरज इतकी नेमकी असल्यामुळेच हे काम हातात घेण्याचे धैर्य झाले. ‘सुंदर फॉन्ट करा’ एवढेच सांगितले गेले असते, तर कोठे थांबायचे ते मला कधीच कळले नसते.

सुरुवात संगणकावर केली नाही. देवनागरीसाठी बोरूचे टोक रोमन अक्षरांच्या लेखणीच्या उलट कोनात कापावे लागते, आणि जाड रेघ कोठे येईल व बारीक कोठे, हे त्या कापावरूनच ठरते. हे पुस्तकात वाचलेले होते, पण हाताला पटायला बरेच कागद खर्ची पडले. ‘व’ची गोलाई काढताना हात एका विशिष्ट ठिकाणी आपोआप जड होतो, आणि तोच जडपणा पुढे ‘ब’, ‘क’, ‘ष’ यांच्या पोटात उतरतो. एक आकार पक्का झाला की त्याच्या कुळातील इतर अक्षरे त्याच्यामागून येतात. म्हणून आरंभ वर्णमालेच्या क्रमाने करत नाहीत. ‘व’, ‘प’, ‘त’, ‘क’, ‘र’, ‘ट’, ‘ह’, ‘ळ’ अशी निरनिराळ्या कुळांतील थोडी अक्षरे आधी घेतात. उभा काना शेवटी असलेली, काना मध्ये असलेली आणि काना नसलेली, अशी तिन्ही प्रकारची अक्षरे त्यांत आली की पुढच्या बहुतेक प्रश्नांची चुणूक तेथेच दिसते. ‘ट’, ‘ड’, ‘द’, ‘ह’ ही बिनकान्याची मंडळी फार त्रास देतात, कारण ती शिरोरेषेला लटकलेली असतात आणि त्यांच्या उजवीकडे टेकायला काही नसते.

मराठी वळणाचा निर्णय याच टप्प्यावर घ्यावा लागला. दोन पाकळ्यांचा ‘ल’ आणि मराठीत रूढ असलेला ‘श’ हिंदीतील त्या अक्षरांहून वेगळे दिसतात, हे प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असते, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयात मराठी देवनागरीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणे नोंदवलेलीही आहेत. तांत्रिकदृष्ट्या एकाच फॉन्टमध्ये दोन्ही वळणे ठेवता येतात: मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण असेल तर एक आकार दाखवायचा, हिंदी असेल तर दुसरा. अडचण अशी की ही भाषेची खूण बहुतेक माणसे करत नाहीत आणि पुष्कळ ॲपमध्ये ती करण्याची सोयही नसते. परिणामी व्यवस्था कागदावर परिपूर्ण राहते आणि मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे मात्र हिंदी वळणाचा ‘ल’ येतो. आम्ही क्रम उलटा केला. मराठी वळण मूळ ठेवले आणि हिंदी वळण खुणेवर ठेवले. हिंदी भाषकांची संख्या पाहता हा निर्णय बाजाराच्या हिशेबात बसणार नाही, असे एका अनुभवी स्नेह्याने सांगितले आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मात्र आमच्या वाचकांचा पत्ता आम्हाला ठाऊक होता.

कागदावरची अक्षरे स्कॅन करून संगणकावर घेतल्यावर त्यांची रूपरेषा बिंदू आणि वक्ररेषांनी पुन्हा आखावी लागते. बिंदू जितके कमी, तितकी रेघ निर्मळ. आणि ते बिंदू वळणाच्या अगदी टोकाशी, म्हणजे सर्वांत वरच्या, खालच्या, डावीकडच्या आणि उजवीकडच्या ठिकाणी असावेत, असा संकेत आहे. १००० एककांच्या चौकोनात एखादा बिंदू चार एककांनी सरकवला की ‘ण’चा स्वभाव बदलतो. हाताची कंपने येथे गाळली जातात आणि काही वेळा जीवही गाळला जातो. तो राखायचा कसा, याचे सूत्र मला सापडलेले नाही. मी छापील पान भिंतीवर लावून दुरून पाहत असे आणि जे अक्षर ओळीतून उठून दिसेल त्याला बोलावून घेत असे. उठून दिसणे हा मजकुराच्या फॉन्टमध्ये दोष आहे. आपल्या हातून झालेले देखणे अक्षर शेजाऱ्यांशी जमत नाही म्हणून साधे करणे, हा या कामाचा बराच मोठा भाग निघाला. सर्जनशीलतेविषयी आपण सहसा ज्या भाषेत बोलतो, तिच्यात या साधे करण्याला जागा नसते.

शिरोरेषेविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण देवनागरीचा खरा कस तेथे लागतो. प्रत्येक अक्षर स्वतंत्र असते, पण वाचकाला शब्दाच्या डोक्यावर एकसंध रेघ दिसली पाहिजे. दोन अक्षरांच्या शिरोरेषा नुसत्या एकमेकींना टेकवल्या, तर पडद्यावर मधल्या सांध्यात केसाएवढी फट दिसते. म्हणून प्रत्येक रेघ आपल्या हद्दीबाहेर थोडी वाढवून शेजारणीवर चढवावी लागते. रोमन अक्षरांत दोन अक्षरांमधील अंतर मोकळ्या जागेने जुळवता येते. देवनागरीत मात्र ‘र’ आणि ‘ट’ यांच्यामधील पोकळी रेघेखाली अडकलेली असते आणि अक्षरे जवळ आणली की रेघही आखडते. शिरोरेषा कान्यापेक्षा किंचित बारीक ठेवली की ओळ हलकी वाटते, फार बारीक केली की शब्द सुटे पडतात. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्यासारख्या अक्षरांत रेघ मध्येच तुटते, आणि ती नेमकी किती तुटावी यावर मुलाला ‘भ’ दिसेल की ‘म’, ‘ध’ दिसेल की ‘घ’, हे अवलंबून असते. या एका फटीसाठी मी जितका वेळ दिला, तितका काही पूर्ण अक्षरांनाही दिला नाही.

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या पुस्तकांकडे मी या काळात पुन्हापुन्हा वळत असे. त्या अक्षरांच्या घडणीत राणोजी रावजी आरू यांचा हात होता. पोलादी ठशावर उलटे अक्षर कोरायचे, ठसा दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर उठवायचा, पाहायचे आणि पुन्हा कोरायचे, अशी ठसे कोरणाऱ्यांची रीत होती. त्या ठशांवरून ओतलेल्या धातूच्या अक्षरांची, म्हणजे खिळ्यांची, ओळ पुढे जुळारी जुळवत. डिग्री पद्धतीत वरची मात्रा, मधले अक्षर आणि खालचा उकार हे वेगवेगळे खिळे एकमेकांच्या वर-खाली बसवावे लागत; अखंड पद्धतीत अक्षर एकाच खिळ्यावर उभे असे आणि म्हणून खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई. पोलाद एकदा जास्त कापले गेले की ते परत भरून येत नाही. मला मात्र प्रत्येक कृती मागे घेण्याची मुभा होती, एका संध्याकाळी एकाच वेलांटीची वीस रूपे करून पाहता येत होती, आणि यामुळे काम सोपे होईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात करण्याचे श्रम कमी झाले आणि ठरवण्याचे वाढले. साधन जितके वेगवान, तितके अधिक पर्याय समोर येतात आणि त्या प्रत्येक पर्यायाला कोणीतरी हो किंवा नाही म्हणावे लागते.

आकार तयार झाले म्हणजे फॉन्ट तयार झाला असे नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगणे अवघड जाते. संगणकात मराठी मजकूर अक्षरांच्या दिसण्याच्या क्रमाने साठवलेला नसतो. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते, पण दिसताना वेलांटी आधी यावी लागते. ‘र्क’ मध्ये ‘र’ आधी साठवला जातो आणि दिसतो तो नंतर, ‘क’च्या डोक्यावर रफार होऊन. ही उलटापालट ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या स्वरूपातील नियमांनी होते. त्यातील काही भाग हार्फबझसारखे मजकूर-जुळणीचे इंजिन करते आणि उरलेला फॉन्ट करणाऱ्याने लिहायचा असतो: कोणत्या दोन अक्षरांचे जोडाक्षर व्हावे, अर्धे अक्षर केव्हा यावे, अनुस्वार कोणत्या बिंदूवर टेकावा. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची एकच संकेतावली येण्याआधीच्या काळात प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी असे आणि दुसऱ्या संगणकावर उघडलेले मराठी पत्र निरर्थक चिन्हांची रांग होऊन जाई, हे माझ्या पिढीने पाहिलेले आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाण ठरलेली इस्की संकेतावली, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेतील, भारतीय भाषांसाठी काम करणाऱ्या जिस्ट गटाचे काम, युनिकोड, आणि विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचलेला, र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट, अशा टप्प्यांनी आपण येथवर आलो आहोत. जोशी कवी होते, सुलेखनकार होते आणि संगणकावरील अक्षरांचे तंत्रही त्यांनी आपलेसे केले होते. कला एकीकडे आणि तंत्र दुसरीकडे अशी विभागणी करणाऱ्यांनी त्यांचे काम जरूर पाहावे.

नियम लिहिताना मला सर्वांत जास्त शिकवले ते काही शब्दांनी. ‘मूर्तींना’ हा त्यांतील पहिला. ‘ती’वर दीर्घ वेलांटी, तिच्यावर रफार आणि त्याच्यावर अनुस्वार, अशी तीन चिन्हे एवढ्याशा जागेत बसवायची असतात, ती एकमेकांत घुसली तर वाचता येत नाहीत आणि एकावर एक चढवली तर वरच्या ओळीतील उकारांना जाऊन भिडतात. यावर उपाय म्हणून वेलांटी आणि रफार, वेलांटी आणि अनुस्वार, व तिन्ही एकत्र, अशी संयुक्त चिन्हे वेगळी आखावी लागली. दुसरी जोडी ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांची. स्वयंपाक करणारे आचारी आणि विद्या देणारे आचार्य यांच्यातील फरक मराठीत एका चिमुकल्या चिन्हावर उभा आहे, आणि ते चिन्ह साठवण्याच्या दोन पद्धती प्रचारात आहेत: एक खाली बिंदू असलेल्या ‘ऱ’पासून, दुसरी साध्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. मजकूर कोणत्याही पद्धतीने आला तरी वाचकाला एकच आकार दिसला पाहिजे. ‘ॲ’ची हकीकतही अशीच आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्याआधीच्या मजकुरात ते ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेले असते, म्हणून दोन्हींची सोय करणे भाग पडले. ‘कार्त्स्न्य’ हा शब्द आमच्या पुस्तिकांत कधीही येणार नव्हता, तरीही पाच व्यंजनांचा तो गुंता सुटतो की नाही हे मी पाहिलेच, आणि हा हट्ट होता हे मला मान्य आहे.

ऱ्हस्व वेलांटीने मात्र खरोखर धीर पाहिला. ‘कि’, ‘नि’ आणि ‘ष्टि’ या तिघांच्या रुंदी निरनिराळ्या आहेत आणि वेलांटीची वरची कमान प्रत्येक वेळी अक्षराच्या कान्यापर्यंत पोचायला हवी, नाहीतर ती अर्ध्या वाटेत थांबल्यासारखी दिसते. म्हणून एकाच वेलांटीची लहान-मोठ्या कमानींची अनेक रूपे करून, कोणत्या अक्षरापूर्वी कोणते रूप यावे याची यादी द्यावी लागते. ही यादी हाताने करणे कंटाळवाणे आणि चुकांना निमंत्रण देणारे होते. रुंदी मोजून योग्य रूप नेमून देणारी लहानशी पायथन स्क्रिप्ट मी भाषिक प्रारूपावर (लँग्वेज मॉडेलवर) चालणाऱ्या एका संगणकीय सहायकाच्या मदतीने लिहिली. त्याच प्रकारे मुक्तपणे उपलब्ध असलेल्या मराठी मजकुरातून प्रत्यक्ष वापरात येणारी जोडाक्षरे वेचून काढणारी दुसरी स्क्रिप्ट केली. ज्या कामाला पूर्वी अनुभवी माणसाची स्मरणशक्ती लागली असती, ते काही क्षणांत झाले, आणि याबद्दल मला कृतज्ञताच वाटते.

चित्रे निर्माण करणारी साधनेही मी उत्सुकतेने वापरून पाहिली. त्यांनी दिलेली देवनागरी अक्षरे दुरून झोकदार दिसत, जवळ जाऊन वाचू लागले की ‘स्त्र’च्या जागी दुसरेच काही निघे, आणि एका शब्दातील ‘क’ दुसऱ्या शब्दातील ‘क’शी ओळख दाखवत नसे. साधने सुधारतील आणि हे दोष कदाचित लवकरच जातील, म्हणून मी माझा युक्तिवाद त्या दोषांवर उभारणार नाही. माझा अनुभव निराळ्या जागी बोट ठेवतो. वजनांच्या, म्हणजे रेघेच्या कमी-अधिक जाडीच्या, बाबतीत तो स्पष्ट झाला. हलके आणि ठळक अशी दोन टोके आखून दिली की मधली सगळी वजने सॉफ्टवेअर गणिताने काढून देते. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या बदलत्या फॉन्टच्या तंत्राचा पाया हाच आहे. गणित बिनचूक असते, तरीही मधल्या वजनातील ‘क्ष’ची गाठ काळी पडलेली आणि ‘ळ’च्या दोन पोकळ्या विषम झालेल्या मला दिसत. दिसत म्हणजे काय, तर तिसरीतील मूल येथे अडखळेल असे वाटे. त्या मुलाला अडखळू द्यायचे नाही ही इच्छा कोणत्याही साधनात घालून ठेवलेली नव्हती; ती कामाबाहेरून, त्या गटातील लोकांच्या सहवासातून माझ्यात आली होती, आणि माझे सगळे ‘हो’ आणि ‘नाही’ तिच्यातून निघत होते. उद्या हीच दुरुस्ती एखाद्या साधनाने करून दिली, तरी ती का हवी हे त्याला सांगणारे कोणीतरी लागेलच, आणि ते सांगायला मुलांना वाचताना पाहिलेले असावे लागते.

छपाईच्या चाचणीत अपेक्षेप्रमाणे बारीक पोकळ्या थोड्या भरल्या आणि त्या मोठ्या करणे हे सरळ काम होते. त्याहून महत्त्वाचे ते शाळांत कळले. ‘ख’चे दोन भाग खाली जोडलेले नसतील तर मुले ‘र’ आणि ‘व’ असे वाचतात, ही अडचण जुनीच आहे, आणि आमचा ‘ख’ जोडलेलाच होता. मला अनपेक्षित होते ते जोडाक्षरांविषयीचे शिक्षकांचे मत. बालभारतीच्या पुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असे पाय मोडून लिहिण्याची पद्धत मुलांनी पाहिलेली होती. आमच्या पुस्तिकेत ‘विद्यार्थी’ एकजीव जोडाक्षराने आले आणि काही मुले तेथे थबकली. त्यावर दोन शिक्षकांची मते अगदी विरुद्ध होती. एका बाईंचे म्हणणे होते की मुलाला जे सोपे जाते तेच द्या. दुसऱ्या गुरुजींचे म्हणणे होते की घरातील पंचांगावर, दुकानाच्या पाटीवर आणि वर्तमानपत्रात जोडाक्षर एकजीवच दिसते, तर अवांतर वाचनाच्या पुस्तिकेने त्याचीच ओळख करून द्यायला नको का? मला दोघांचेही पटले. अखेरीस फॉन्टमध्ये दोन्ही सोयी ठेवल्या, म्हणजे मजकुराला हात न लावता एका पर्यायाने पाय मोडलेली रूपे दिसतील आणि ती सोय बंद केली की एकजीव रूपे. पहिल्या पातळीच्या पुस्तिका एका पद्धतीने आणि पुढच्या पातळीच्या दुसऱ्या पद्धतीने निघू लागल्या. सौंदर्याच्या दृष्टीने मला एकजीव ‘द्य’ कितीतरी अधिक प्रिय आहे, हे मात्र नोंदवून ठेवते.

या सगळ्या काळात पगाराचे काम चालूच होते आणि मी त्याला कमी लेखत नाही, कारण त्याच्या जोरावरच हे दुसरे काम विनामूल्य करता आले. तरीही दोन्ही कामे शेजारी-शेजारी केल्यामुळे एक गोष्ट टोचत राहिली. ऑफिसमध्ये आम्ही एखाद्या बटणाचा रंग ठरवण्यासाठी किती लोकांनी त्यावर दाबले याचे आकडे पाहतो आणि आकडे वाढले की काम चांगले झाले असे मानतो. ते दाबून त्या माणसाचे काय भले झाले, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारत नाही आणि मीही आजवर फारसा विचारलेला नव्हता. फॉन्टच्या बाबतीत मोजण्यासारखे काही हाती येतच नाही. मूल वाक्य वाचून पान उलटते, एवढेच दिसते. आता मी ऑफिसातील बैठकीत कधीकधी तो प्रश्न विचारते. त्याने फार काही बदलले आहे असा दावा करणार नाही, पण अर्जातील मराठी मजकूर १० पॉइंटवरून १२ वर गेला आणि ओळींमधील अंतर वाढून उकारांना जागा मिळाली, एवढे घडले. देवनागरीला रोमनपेक्षा वर आणि खाली अधिक जागा लागते. इंग्रजी मांडणीत मराठी मजकूर ओतला की अनेकदा रफाराचे डोके आणि उकाराचे पाय छाटले जातात, हे समजावून सांगण्यासाठी ‘मूर्तींना’ हाच शब्द पुन्हा उपयोगी पडला.

फॉन्ट आम्ही एसआयएल या भाषाविषयक संस्थेच्या मुक्त फॉन्ट परवान्याखाली ठेवला आहे. तो कोणीही वापरावा, बदलावा आणि वाटावा. त्या परवान्याखालील फॉन्ट नुसता एकटा विकता येत नाही, एवढे बंधन आहे. विकत द्यावा असा सल्ला मिळाला होता आणि इतके श्रम फुकट का द्यायचे, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला. परंतु मी स्वतः इतरांच्या उघड्या फाइली वाचून शिकले होते, हार्फबझ विनामूल्य वापरत होते आणि देवनागरीचे युनिकोडमधील स्थान ज्यांनी पक्के केले त्यांना मी काहीच दिलेले नव्हते. परवाना मुक्त ठेवल्याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की वापरणारे लोक त्रुटी कळवू लागले. एकाने कोकणी मजकुरात, तर दुसऱ्याने संस्कृत स्तोत्रात न जुळणारी जोडाक्षरे शोधून पाठवली, आणि ‘कार्त्स्न्य’वर घालवलेल्या वेळेची थोडी भरपाई झाली.

सध्या अंकांचे काम हातात आहे. मूळ अंक मी मजकुरात वाचण्यासाठी आखले होते, त्यामुळे प्रत्येकाची रुंदी त्याच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त होती: १ अरुंद, ६ रुंद. गणिताच्या पुस्तिकेत एकक, दशक आणि शतक एकाखाली एक येईनात आणि हातच्याची बेरीज करताना मुलांचे रकाने चुकू लागले, असे एका शिक्षिकेने कळवले. सर्व अंक एकाच रुंदीत बसवायचे, तर १ च्या दोन्ही बाजूंना फार मोकळी जागा राहते आणि ११ सारखी संख्या दोन सुट्या अंकांसारखी दिसते. १ ची खालची शेपटी थोडी लांब करून आणि ६ चे पोट थोडे आवळून पाहिले आहे. त्या शिक्षिकांकडे नमुन्याची पाने पाठवली असून त्यांच्या वर्गात बेरजा झाल्या की पुढची दुरुस्ती ठरेल.